शेवटचा हात

डर्बन, मार्च १९७३

तीर्थस्वरूप मामांस, भाचा झेबुलोन याचा डोकं टेकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि शिंग मोडलेली तांबडी गाय, तिघांचीही खुशाली कळवावी. मी धडधाकट आहे. फक्त गुरुवारी आ वासलेलं तोंड अजून मिटत नाही.

आम्हा रंगाऱ्यांचा कायदा तुम्हाला ठाऊक आहेच. भिंतीला रंगाचा पहिला हात काळ्याने द्यायचा, दुसराही काळ्यानेच, पण शेवटचा हात गोऱ्याचा. (भिंतीला फरक कसा कळतो, ते मला एकोणीस वर्षांत कळलेलं नाही.) आमच्याकडे शेवटच्या हाताचे धनी कूकमूरसाहेब. माणूस वाईट नाही. पण ब्रँडी पोटात गेल्याशिवाय त्यांचा हात थरथरायचा थांबत नाही, आणि गेल्यावर डोळे उघडत नाहीत. म्हणून ते चुन्याच्या पोत्यांवर घोरतात आणि शेवटचा हातही गुपचूप मीच मारतो. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

गुरुवारी एका नव्या कचेरीत माझा तिसरा हात वाळत होता, तेवढ्यात सरकारी तपासनीस आला. भिंतीवरून बोट फिरवून मला म्हणाला, "बघ रे पोऱ्या, याला म्हणतात गोऱ्याचा हात! सात जन्मांत जमेल का तुला?" (पोऱ्या चव्वेचाळीस वर्षांचा आहे, मामा.) मी म्हटलं, "छे हो साहेब, कुठलं जमतंय!" एवढ्यावर निभावलं असतं. पण कूकमूरसाहेब दचकून उठले आणि आपण कामात दिसावं म्हणून बोलून बसले, "शेवटचा हात द्यायचाय अजून!" तपासनीस खूश. म्हणाला, "द्या की, बघतो."

दिला! तोवर झोपेत ब्रँडीसुद्धा उतरली होती. ओघळ काय, फरकाटे काय, ब्रशचे केससुद्धा भिंतीला चिकटले. आमचे मॅनेजर पॅजेटसाहेब धावत आले. दोघांनी भिंतीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे.

"खालचा हात कुणाचा?" तपासनीसाने विचारलं.

"माझा, साहेब."

"तरीच! पायाच कच्चा."

मामा, एकोणीस वर्षं! शहरात राहू देणाऱ्या माझ्या पासाच्या पुस्तकात पॅजेटसाहेबांनी शिक्का मारला: काम संपलं, बहात्तर तासांत शहर सोडावं. कूकमूरसाहेब बुटांकडे बघत उभे राहिले. मला राग येतोय की रडू, हेच समजत नाही.

मामींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
झेबुलोन

ता. क. खरं काम हे, की आईला 'रजेवर येतोय' एवढंच सांगा. तिचं काळीज तेवढंच पेलेल. आणि तुमच्या दाराला रंग द्यायचा राहिलाय, तो आल्यावर देईन.

दुसरा ता. क. आईला काहीच सांगू नका. पत्र पेटीत टाकायच्या आत गंमत झाली. मला काढलं म्हणून आज सकाळपासून आमच्या अडतीस रंगाऱ्यांपैकी एकानेही ब्रश उचललेला नाही. पॅजेटसाहेब फाटकावर विचारतायत, "तुमचा म्होरक्या कोण?" सगळे म्हणतात, "आम्ही खालचे हात, साहेब." बहात्तर तास कालच उलटले. पोलीस यायचेत, पण मी इथेच फाटकापाशी बसलोय. आत दुसऱ्या खोलीच्या कोऱ्या सिमेंटच्या भिंतीपुढे कूकमूरसाहेब रंगाचा डबा घेऊन एकटेच उभे आहेत. पहिलाच हात नाही, तर शेवटचा देणार कशावर?

दाराचे पहिले दोन हात तुम्हीच उरकून घ्या. शेवटचा तेवढा माझ्यासाठी ठेवा.