हात हलला तर

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी बरा आहे. खोलीत आता हीटर लावलाय, आईला सांगा. दुकानात परत आलेले कॅमेरे तपासायचं काम अजून माझ्याकडेच आहे, त्यामुळे शेजारच्या मुलीसाठी तुम्ही विचारलेला स्वस्तातला मिररलेस कॅमेरा मी दोन दिवस वापरून पाहिला.

वजनाला हलका आहे. समोरच्याचा डोळा आपणहून शोधून फोकस करतो. सोबतची लेन्स उजेडात चांगली, संध्याकाळी मात्र रडते. बॅटरी दुपारीच मान टाकते. तरी शिकणाऱ्याला तेवढं पुरे.

हात हलला तर फोटोही हलतो, कारण थरथर सावरून घ्यायची सोय यात नाही. पण बाबा, हे तुम्ही एका पत्रात तीनदा विचारलंत. कॉलेजातल्या मुलीचा हात कशाला हलेल?

परत आलेल्या कॅमेऱ्यातले फोटो बघून तो धरणाऱ्याचा हात कसा असेल, हे मला आता कळतं. तुमचं अक्षर बघूनही कळलं. ओळी खाली घसरल्यात, आणि पाकिटावरचा पत्ता आईने लिहिलाय. म्हणजे तिलाही ठाऊक आहे. आपला फोटो स्टुडिओ सध्या कोण उघडतं?

मुलीसाठी असेल तर हा खुशाल घ्या. तुमच्यासाठी असेल तर नको. आधी डॉक्टरांकडे जा. ते काय म्हणाले ते मला कळवा, हवं तर आईकडून लिहून घ्या. खाली सही तेवढी तुम्ही करा, कशीही आली तरी चालेल.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
धाकटा