प्रॉक्टोरियल चौकशी

गुरुवार, संध्याकाळ. जुईनगर.

सायलीला, म्हणजे माझ्या नातीला, विद्यापीठाचा मेल आला. घरून दिलेल्या परीक्षेत कॅमेऱ्याने दुसऱ्याच कुणाचा आवाज पकडला, म्हणून निकाल राखून ठेवलाय. उद्या ऑनलाइन ‘प्रॉक्टोरियल चौकशी’.

प्रॉक्टोरियल! शब्दकोश काढून बसलो. अर्थ एवढाच, की विद्यापीठात शिस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासंबंधीचं. आमच्या कॉलेजात ते काम दामले सर करायचे. छत्री घेऊन फाटकात उभे. कान पिळायचे, पण आधी विचारायचे, ‘काय रे, काय झालं?’ त्यांना कुणी प्रॉक्टोरियल म्हटलं असतं तर छत्रीच घातली असती डोक्यात. आता कारकुनी मेलवर हा शब्द बिल्ल्यासारखा लावतात, आणि विचारत कुणीच नाही.

आवाज माझा होता. शेजारच्या खोलीत चौथीतली नदीची कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला अडलो, नेहमीसारखा, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने.

सायली म्हणाली, “आजोबा, टीव्ही चालू होता असं मेलच्या उत्तरात लिहिते.”

“माझी कविता म्हणजे टीव्ही?”

“मग काय, आजोबा नदीची कविता म्हणत होते असं लिहू? हसतील ना ते!”

“हसू देत. हसायला निदान माणूस तरी लागतो.”

तिने लॅपटॉप पुढे ओढला. मग खरं तेच लिहिलं पोरीने. वर्ष जायचं तिचं, माझ्यापायी.

उद्या तिच्या शेजारी बसणार. कविता म्हणून दाखवतो, घ्या म्हणावं आवाज ताडून. तिसऱ्या कडव्याला अडेनच, त्या दिवशीसारखा. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, तिथे आठवू नये.