ताई, तुझ्या गाडीची हुडहुडी गेली

ती. ताईस,

अनेक साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातलेले नाहीत, कारण फरशीवर ऑइल सांडलं आहे, पण भाव तोच.) पत्राला उशीर झाला हे कबूल. पोचल्यावर दोन ओळी टाक, असं तू बजावलं होतंस. पोचलो त्याच दिवशी कागद घेतला, तर पेन मिळेना. पेन मिळालं तेव्हा त्या कागदावर तुझ्या गाडीचे प्लग वाळत पडले होते. मग म्हटलं, सगळं एकदा निस्तरलं की सविस्तरच लिहू. ते निस्तरायची वाट बघत बसलो. फोन करता आला असता, पण फोन काकांच्या दवाखान्याच्या खोलीत आहे, आणि काही गोष्टी काकांच्या देखत बोलण्यासारख्या नाहीत. तुझी तब्येत कशी आहे? रात्रपाळी सुटली का? त्या हेडसिस्टर अजून तुझ्याच मागे हात धुऊन लागलेल्या असतात का? इकडे मावशी ठणठणीत, काका ठणठणीत, गाडी तेवढी आजारी होती. आता बरी आहे. निदान आज सकाळी फाटकातून बाहेर पडली तेव्हा होती.

मी तसा दोन दिवसांसाठीच आलो होतो. पुढे बंदरावर बोटीत काम मिळेल असं मला एका माणसानं सांगितलं होतं (त्या माणसाला स्वतःला बोट लागते, हे मागाहून कळलं). पण मावशीची, तुझ्या आईची, काय अवस्था होती ते तुला माहीतच आहे. जन्मभर ग्रंथालयाच्या खिडकीत बसून पुस्तकांवर शिक्के मारले, आणि आता ग्रंथालयानं पुस्तकांची फिरती गाडी घेतल्यावर ती आपणच चालवायची असं तिच्या मनानं घेतलं. चिटणीस म्हणाले, लायसन दाखवा आणि किल्ली घ्या. लायसनच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. या खेपेला पास नाही झाली तर ती फिरती गाडी ग्रंथालयातल्या त्या नव्या चष्मेवाल्या बाईंकडे जाणार, ज्यांना मावशी घरात ‘ती स्कूटरवाली’ म्हणते. दोन्ही वेळा एकच घडलं. इथे ठेवून गेलेली तुझी गाडी पळताना छान, पण ‘थांबा’च्या पाटीपाशी थांबवली की तिला हुडहुडी भरायची, आरसा थरथरायचा, आणि परीक्षेचे साहेब काही लिहायच्या आत इंजिन बंद. साहेबांनी शेरा मारला, ‘क्लचवर पाय नाही.’ मावशी म्हणते, माझा पाय खांबासारखा आहे, कापते ती गाडी.

मी म्हटलं, मी बघतो. यावर तू हसशील, पण गॅरेजात मी काही काळ होतो. त्यांची पाटी रंगवायला होतो हे खरं, पण पाटीवर सगळ्या दुरुस्त्यांची नावं होती, त्यामुळे रोगांची नावं मला पाठ आहेत. आमच्या पाटीवर पहिलं ‘प्लग सफाई’ होतं, म्हणून मी प्लगपासून सुरुवात केली. चारही काढून ब्रशनं घासले. (ब्रश कुणाचा, हे मावशीला तिसऱ्या दिवशी चवीवरून कळलं.) मग एअर फिल्टर काढून भिंतीवर आपटला, त्यातली धूळ शेजारच्या वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसली, आणि तेव्हापासून वकीलबाई माझ्याशी फक्त ‘आपण’ म्हणून बोलतात. प्लग परत बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली असावी. गाडी सुरू केली तर तिनं सायलेन्सरमधून असा काही बार काढला की काका वही घेऊन बाहेर आले आणि त्यांनी ‘ढेकर, मोठी’ अशी नोंद केली.

काकांचं सांगायचं राहिलंच. त्यांना वाटतं गाडी काय, माणूस काय, आधी प्रकृती समजून घ्यावी. पेशंट अलीकडे कमी, त्यामुळे वेळ होता. खुर्ची टाकून बॉनेटसमोर बसले.

“थरथर सकाळी जास्त की संध्याकाळी?”

“लाल दिव्याला जास्त, काका.”

“म्हणजे थांबवलं की वाढते. बरं, तहान?”

“पेट्रोल बरंच पिते.”

“स्वभाव?”

मावशी आतून म्हणाली, “तुमच्यासारखाच. हलायचं नाव नाही, नुसती कुरकुर.”

काकांनी तेही लिहून घेतलं. त्यांचं म्हणणं, थरथर दाबू नये, ती शरीर बाहेर टाकत असतं. त्या संध्याकाळी मावशीनं पेट्रोलच्या टाकीची किल्ली मंगळसूत्राच्या वाटीसारखी जपून पदराला बांधली, कारण काकांच्या हातात साखरेच्या गोळ्यांची बाटली दिसली होती.

पण काकांना नावं ठेवणार नाही, कारण रोग सापडला तो त्यांच्याचमुळे. मी म्हटलं, काका, आत कुठेतरी फुस्स असा आवाज येतोय, पण पंख्याच्या घरघरीत जागा कळत नाही. काकांचा चेहरा उजळला. आत गेले आणि स्टेथोस्कोप घेऊन आले. (आपल्या शास्त्राकडे या पोरानं पहिल्यांदाच आदरानं पाहिलं, असं ते नंतर मावशीला म्हणाले.) मी तो इंजिनभर फिरवला. आधी माझंच घड्याळ ऐकू आलं, मग पंखा, आणि मग मागच्या बाजूला, एका करंगळीएवढ्या नळीपाशी, कुणीतरी दातातून हवा ओढतंय असा आवाज. नळी वाकते तिथे कडक होऊन चिरली होती. इंजिन तिथून चोरून हवा खात होतं. मी चिरेवर बोट ठेवलं. ताई, काय सांगू! रडून रडून झोपलेल्या पोरासारखी गाडी शांत. बोट काढलं, हुडहुडी. बोट ठेवलं, समाधी. मावशी बघत उभी होती. पहिल्यांदा हसली, मग तोंडाला पदर लावून आत निघून गेली, आणि आतून भांडी जरा जोरात वाजली. दोन वेळा लोकांनी तिच्या पायाला नावं ठेवली होती, त्याचा तो आवाज होता.

आता अडचण एवढीच की माझं बोट परीक्षेला बसू शकत नव्हतं. स्पेअर पार्टवाल्यानं दुकानभर शोधून सांगितलं, ही नळी मागवावी लागेल, आठवडा जाईल. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. मी चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, ती गरम होऊन सुटली. सायकलची ट्यूब पाहिली, ती हवेनं आत खेचली जाऊन चपटी झाली. शेवटी घरातच एक उत्तम रबरी नळी मिळाली, मापात, जाड, जणू तिच्यासाठीच केलेली. बसवली. आज सकाळी मावशी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना शेजारी घेऊन परीक्षेला गेली. फाटकाशी थांबली, तेव्हा गाडी चालू आहे की बंद हे वाकून बघावं लागलं. ती अजून परतलेली नाही, आणि मला एका जागी बसवत नाही, म्हणून हे पत्र.

सर्वांना नमस्कार, हेडसिस्टरांनाही.

तुझा,
भटक्या

ता. क. वर ‘घरातच एक रबरी नळी मिळाली’ असं लिहिलं ते खरंच आहे, पण ती अगदी मोकळी नव्हती. तिच्या एका टोकाला चकती होती आणि दुसऱ्या टोकाला कानात घालायच्या दांड्या. त्या मी पुसून, नीट पेटीत ठेवून पेटी बंद केली आहे. काकांना अजून कळलेलं नाही. ते पेशंटचं बोलणं तासभर ऐकतात, छाती क्वचितच. तेव्हा तुझ्या हॉस्पिटलातून त्याच रंगाचा (काळपट हिरवा) एक स्टेथोस्कोप मिळाला तर लगेच कुरिअर कर. पाकिटावर ‘पुस्तकं’ असं लिही.

ता. क. २. मावशी पास झाली तर फिरत्या गाडीवर पुस्तकं चढवायला-उतरवायला माणूस लागणार आहे. तिनं मला विचारलं. मी ‘बघू’ म्हटलं. आजवर कुठेही राहायचं निघालं की मी सरळ ‘नाही’ म्हणत आलो, हे तुला ठाऊक आहे. बोटीवाल्याला मी कळवलेलं नाही.

ता. क. ३. गाडी आली! आवाजच आला नाही, फाटक वाजलं म्हणून कळलं. मावशी स्टिअरिंगवर आहे, पण शेजारी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई नाहीत, त्या मागे बसून फायलीनं वारा घालतायत. शेजारी परीक्षेचे साहेब आहेत. खोकून खोकून लाल झालेत, छातीवर हात आहे. परीक्षा अर्धी राहिली, सही अजून व्हायचीय, आणि मावशी खिडकीतून ओरडतेय, “अहो, साहेबांची छाती बघा जरा!” काका धावत आत गेलेत. पेटी उघडल्याचा आवाज आला. आता काहीच आवाज नाही. मी बॉनेटकडे निघालो होतो, तर मावशी हात करून थांबवतेय: हात लावू नकोस, चालूच राहू दे, साहेबांना ऐकू दे कशी शांत चालते ती.

ताई, कुरिअर नको. तूच ये.