शाळा सुटताना बघावी

दूधविनायक, काशी
३ मार्च २०२५

चि. मालविका, काकाचे भरपूर आशीर्वाद.

बसमध्ये एसी आहे म्हणून शाळा चांगली होत नाही! तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तू भाड्याच्या घराचं विचारलं होतंस. ते बघितलं. नळाला पाणी येतं, माकडांसाठी जाळी आहे. झालं.

आता शाळा. केयूरच्या बँकेने त्याची इकडे काशीला बदली केली ती एप्रिलपासून, म्हणजे इरावतीची शाळा आत्ताच ठरवायला हवी. मी सातवी पास, घाटावर यात्रेकरूंना संकल्प सांगणारा. मला काय कळतं म्हणशील. पण चाळीस वर्षं माणसंच बघतोय. शाळा भरताना बघायची नाही, सुटताना बघायची. मोठ्या शाळेच्या फाटकाशी दोन दिवस उभा राहिलो. गार्ड पोरांना बसच्या नंबराने हाका मारतो. आमच्या गल्लीमागे अन्नपूर्णाबाईंची छोटी शाळा आहे. छुट्टी झाली की बाई दारात उभ्या राहून एकेकाला नावाने सोडतात. कुणाचा डबा तसाच परत चालला, तेही त्यांना ठाऊक. तिथे घाल पोरीला.

लोभ आहेच, त्याला कागद लागत नाही.
वेणीमाधवकाका

नागपूर, १० मार्च

ती. काकांना मालविकाचा नमस्कार.

त्या गार्डने पोलीस बोलावले नाहीत हे नशीब समजा! हसले खूप, पण काका, मनातून धास्ती आहे. इरावती घरात दिवसभर बडबडते, शाळेत मात्र वर्षभरात एक शब्द बोललेली नाही. इथल्या टीचर तिला सगळ्यांपुढे उभी करून बोल, बोल म्हणतात, की ती आणखीच मिटते. केयूरचं म्हणणं, मोठ्या शाळेत सोयी आहेत. फॉर्म भरलाय, वीस तारखेला मुलाखत. मला रजा नाही, तो एकटाच तिला घेऊन येईल. तिथेही गप्प राहिली तर काय करायचं? तुम्ही मध्ये पडू नका हं.

माया अशीच असू द्या.
तुमची मालविका

काशी, २१ मार्च

चि. मालविका, आशीर्वाद, आशीर्वाद!

केयूरने फोनवर काम झालं एवढंच सांगितलं म्हणे. बँकेचा माणूस! मी नीट सांगतो.

मोठ्या शाळेत पोरगी गप्प. मॅडमने पाचदा नाव विचारलं, चॉकलेट दाखवलं, मग कागदावर फुली मारली. केयूरचा चेहरा उतरला. मी मध्ये पडलो नाही. नुसती गल्ली बदलली आणि दोघांना अन्नपूर्णाबाईंकडे नेलं.

बाईंनी वर्गातच रजिस्टर उघडून पोरीचं नाव विचारलं. माझी जन्माची खोड, नाव म्हटलं की संकल्पासारखा पिढ्याच सांगत सुटतो. गोत्र सांगितलं, पणजोबा सांगितले, बाप सांगितला. सगळा वर्ग टकामका बघतोय. तेवढ्यात तुझी लेक ठणकावून म्हणाली, की आजोबा राहिले! विष्णू पणजोबा, विश्वजीत आजोबा, केयूर बाबा, आणि मी इरावती! अगं, भर वर्गात!

केयूर भिंतीला टेकला. आणि बाई? टाळ्या नाहीत, शाबास नाही. लिहून घेतलं आणि खिडकीपाशी जागा दाखवली. पोरगी जाऊन बसली, आणि शेजारच्या मुलीशी जी सुरू झाली! केयूरने तिथेच प्रवेश पक्का केला. मी पायरीवर बसून छुट्टी होईपर्यंत ऐकत होतो.

काय काय बोलली ते विचारशील. विचारू नकोस. तिच्या तोंडून ऐक. मी एक अक्षर सांगणार नाही.

वेणीमाधव