निळी टोपी पिंजऱ्यात

रविवार, २७ सप्टेंबर १९९८

पहिल्या पाळीहून आलो तर खाटेवर खोका. लेकीनं, शालूनं, नागपूरहून शेजारच्या मेश्रामबाईंसोबत पाठवलेला. आत टीव्ही गेमची कॅसेट, आमच्या टोपीवाल्यांचा दुसरा भाग. झाकणावर लाल टोपी आहे, गुहा आहे. निळी टोपी नाही. सौ. नं खोका उलटापालटा केला, मागच्या बाजूलाही नाही.

पहिला भाग पोळ्याच्या आदल्या दिवशी संपला. तेव्हापासून संध्याकाळी घर गप्प.

शालू लग्न होऊन गेली, तिचा गेम इथेच राहिला. एका संध्याकाळी मी सहज लावून बसलो होतो, सौ. नं दुसरा रिमोट उचलला. मी लाल टोपी, ती निळी. एकानं दगडावर उभं राहायचं, तेव्हाच दुसऱ्यासाठी दार उघडतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही रोज एवढं बोललो नव्हतो. थांबा, या, आता उडी. गेम संपला आणि ती परत आत भाजी निवडायला, मी बाहेर खुर्चीवर.

आजच लावू म्हटलं. नाही म्हणाली. दसरा तोंडावर आला, नवी वस्तू पूजेआधी वापरायची नाही. बरोबर आहे. पण डोळा खोक्याकडेच.

मंगळवार, २९ सप्टेंबर

एस.टी.डी. बूथवरून शालूला फोन. तिच्या धाकट्या दिरानं हाच गेम मित्राकडे खेळला. बेकार म्हणतो. एकट्यानंच खेळायचा. निळ्या टोपीला राक्षस उचलून नेतो आणि पार शेवटच्या गुहेत पिंजऱ्यात कोंडतो, एवढं सुरुवातीलाच दाखवतात. शेवटपर्यंत कोण गेलं, विचारलं. कोणीच नाही. दोन गुहांत कंटाळले.

"बाबा, खेळून पाहा. नाई आवडला त दिवाळीत वापस नेतो. दुकानदार तवापर्यंत बदलून देते."

घरी सांगितलं. सौ. लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मलेच काढून टाकलं."

बनवणाऱ्यानं असं का केलं असेल? चाललेली जोडी का मोडावी? मी खाणीच्या लॅम्परूममध्ये रोज दिवे वाटतो. खाली एकट्यानं जायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. तिकडच्या लोकांना कोणी सांगितला नसेल.

गुरुवार, १ ऑक्टोबर. दसरा

सकाळी लॅम्परूमची पूजा. दिव्यांना हळदकुंकू, फुलं, नारळ. मग घरी. सौ. नं पाटावर विळा, कात्री, शिलाई मशीनचं चाक, सायकलचा पंप मांडला. मधोमध नवी कॅसेट, तांदळाच्या राशीत उभी.

सोनं वाटून आलो, मंदिरातली रोजची संध्याकाळची प्रार्थना झाली, मग लावली. पडद्यावर नुसत्या चौकटी. लाल टोपीचं डोकं एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्या. आवाज बेडकासारखा. काढली, फुंकली, परत लावली. तेच.

सौ. आत गेली. दुसरा रिमोट तिनं सकाळीच पुसून ठेवला होता.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

वापस पाठवायचं ठरवलं. खोक्यात भरली सुद्धा.

दुपारी मात्र डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. दीर बेकार म्हणाला. तुटका म्हणाला नाही. बेकार गेममध्येही माणसाचं डोकं माणसाच्या धडावर असतं. हे काहीतरी वेगळं.

रविवार, ४ ऑक्टोबर

सुट्टी. कॅसेट, गेमचं मशीन आणि दोन्ही रिमोट घेऊन माजरीच्या चौकात युसूफभाईंकडे. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. त्यांनी कॅसेट खोलली, बराच वेळ पाहिलं, मग चिमट्यानं एकेक काढून कागदावर मांडलं. तांदळाचे दाणे. वाळलेलं कुंकू. गुळाचा खडा. दोन मुंग्या, एक जिवंत.

"वामनभाऊ, हे कॅसेट आहे का देवघर?"

दसऱ्याचं सांगितलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. म्हणाले, लोक पाणी सांडतात, चहा सांडतात, पोरं चिल्लर टाकतात. पोटभर जेवलेली कॅसेट पहिल्यांदा पाहिली.

स्पिरिटनं साफ केली, लावली. चित्र स्वच्छ. लाल टोपी धडधाकट. मी दुसरा रिमोटही लावून दाबून पाहिला. काही नाही. त्यांनी मशीन उघडून तपासलं.

"रिमोट ठीक, वायर ठीक. कॅसेटनं विचारलं त हा जवाब देईन. अजून ते विचारूनच नाई राह्यली."

अजून म्हणजे, पुढे विचारेल का?

"आता ते मले काय मालूम, भाऊ. निळा सुटला त विचारनही. शेवटपर्यंत गेलं कोण?"

रस्ताभर तेच मनात. निळा सुटल्यावर दोघं मिळून परत निघत असतील तर?

घरी गुळाचं सांगितलं. सौ. आधी लाजली, मग उलट मलाच म्हणाली, "तोंड वर होतं कॅसेटचं. मंग नैवेद्य काय पाठीवर ठेवू?" पोळ्यानंतर आज पहिल्यांदा हसली.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

खेळलो, एकटा. कॅसेट साफ झाली, गेम काही सुधारला नाही. दिराचं खरं आहे. पायाखालची जमीन निसरडी, उडी मारावी तिथे पडत नाही. गुहा सगळ्या एकाच रंगाच्या, जणू एकच काढून पुन्हा पुन्हा चिकटवली. पहिल्या भागात जे बारीक बासरीसारखं वाजायचं, तेही नाही.

सवयीनं दगडावर जाऊन उभा राहिलो. या भागात दगडावर उभं राहून काही होत नाही. तरी थांबलोच. कोणाची वाट पाहत होतो?

सौ. ला म्हटलं, बस ना जरा, बघ तरी. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "जा तुमी एकटे. मी राहीन पिंजऱ्यात."

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

दुसरी पाळी, खेळणं नाही. वेळ असता तरी हात गेला नसता.

ताळा करून पाहिला. वाईट गेम. एकट्याचा. शेवटी काय आहे कोणालाच माहीत नाही. कदाचित निळा सुटतो, टाळ्या वाजतात, आणि संपलं. तेवढ्यासाठी एवढ्या निसरड्या गुहा? नको म्हणावंसं वाटतं. पण मग वाटतं, रोज संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला डोळे मिटून बसतो, तिथेही पलीकडून येऊन कोणी सांगितलेलं नाही. देवाची बरोबरी कॅसेटशी करू नये, कळतं. पण बसण्याची सवय तिथूनच लागली.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

आज वेगळं घडलं. मी तिसऱ्या गुहेत, दरी ओलांडता येईना. परत परत पडत होतो. सौ. दिवाळीचं अनारशाचं पीठ चाळता चाळता बघत होती. पाचसात वेळा पडल्यावर उठली, हात धुतले, दुसरा रिमोट काढून मशीनला लावला, मांडीवर घेऊन बसली.

म्हटलं, चालत नाही तो.

"मालूम आहे."

मी धावलो. काठावर आलो आणि बाजूला टक् वाजलं. तिनं तिचं बटन दाबलं होतं. मी त्याच आवाजाला माझं दाबलं. पलीकडे पोचलो.

पुढच्या दरीला तसंच. तिला कड माझ्या आधी दिसते. आधीही दिसायची. मी नेहमी उशिरा उडी मारतो, हे तिनं पहिल्या भागात शंभरदा ऐकवलं आहे. आज बोलली नाही, नुसती टक्. तिच्या बटनानं पडद्यावर काही हलत नाही, पण मी हलतो.

प्रार्थनेला जरा उशिरा पोचलो.

शनिवार, १७ ऑक्टोबर. धनतेरस

उद्या शालू आणि जावई येत आहेत. कॅसेट न्यायची का ठेवायची, ते उद्या सांगायचं.

दुपारी लवकर बसलो. या गेममध्ये मधेच बंद केलं की परत पहिल्यापासून, म्हणून एका बैठकीत जेवढं होईल तेवढं. सौ. चा रिमोट चालूच, टक्, टक्. मधे एकदा दोघंही चुकलो, तर ती मलाच रागावली. बरं वाटलं.

गुहा अजून तशाच कंटाळवाण्या आहेत. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे वाटेल की गेम चांगला होता.

दिवेलागणीच्या सुमारास राक्षस पडला. समोर पिंजरा. आत निळी टोपी, पाय हलवत बसलेली. सौ. पुढे सरकली. पिंजऱ्यापाशी दगड होता, पहिल्या भागातल्यासारखा. त्यावर लाल टोपी उभी केली की दार उघडणार, दिसतच होतं. दोन पावलं.

सौ. नं माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबा."

मी खेळ थांबवला. म्हटलं, काऊन?

"उघडलं, अन् हे बटन नाई चाललं त?"

युसूफभाईंना ठाऊक नाही, मलाही नाही. म्हटलं, तू सांगशील तसं. उद्या देऊनही टाकू. ती पडद्याकडे बघत राहिली. थांबवलेल्या खेळात निळ्या टोपीचा पाय उचललेला तसाच.

मंदिरातली घंटा झाली. सात वाजता भारनियमनात वीज जाते, गेली की परत पहिल्यापासून, त्याआधी काय ते ठरवावं लागेल. समोर बसून हे लिहितो आहे. आज बहुतेक प्रार्थना चुकणार.

सौ. नं रिमोट खाली ठेवलेला नाही. अंगठा बटनावर आहे, दाबत नाही. मधूनच मला विचारते, "दगडावर उभे राहिले त दार हळूच उघडते का एकदम?"