संगणकाच्या भाषेचा आहेर

निलंगा, सोमवार

तीर्थस्वरूप वीरभद्रमामांना भाचा अमरेशचे शरणार्थ. तुमचे गुडघे नांदेडच्या जिन्यांना पुरून उरले असतील, मामींची शुगर आटोक्यात असेल, असं धरून चालतो. तुमच्या मंजुश्रीची खुशाली विचारत नाही. ती रोज माझ्या चुका काढून राहिली, म्हणजे तब्येत ठणठणीत हाय. (फोनच केला असता, पण तुम्ही पहिल्या वाक्यालाच "बरं, ठेवतो" म्हणता.)

विषय असा की, मंजुश्री आणि तिची दोस्तमंडळी एक ॲप चालवतात. कोणत्या गावचा आठवडी बाजार कधी, भरला का नाही, सगळं त्यात दिसतं. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही घरबसल्या भर घालावी, तिनं तपासावी, पटली तर घ्यावी. मीही घातली. रस्ट नावाच्या नव्या, लई देखण्या भाषेत महिनाभर खपून बाजार शोधायचा अख्खा भाग नव्यानं लिहिला. आता त्यांच्या नियमांत होतं, की कोड पायथन भाषेतच लिहावा, कृपया दुसरी भाषा आणू नये, आणायचीच तर आधी विचारावं. मामा, तुम्हीच सांगा. आपल्याकडं लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापतात, म्हणून काय आपण हात हलवत जातो? तुमच्या थोरलीच्या लग्नात तसंच छापलं होतं, आणि रिकाम्या हातानं आलेल्या भुजंगकाकांचा तुम्ही अजून उद्धार करून राहिले. मी म्हटलं, लोक संकोची दिसतात, आपण भारीतला आहेर न्यावा.

तिनं अख्खा आहेर परत केला! वर चार लोकांत (सगळं उघड्यावरच असतंय तिथं) लिहिलं, की इथं रस्ट कुणालाच येत नाही, उद्या बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? शिवाय नावावरून काम कळावं, असाही एक नियम निघाला. मी आदरानं एका भागाला आमच्या अप्पांचं नाव दिलेलं. त्यावर तिचा शेरा: "हे मलप्पा नेमकं काय करतं? काहीच करताना दिसत नाही. काढून टाकावं." अप्पांनी वाचलं अन् त्या दिवशी जेवले न्हाईत. आई मात्र तोंडाला पदर लावून हसली. म्हणे, लग्न झाल्यापासून मी हेच विचारून राहिले.

हेही हसण्यावारी नेलं असतं, पण अप्पांनी आधीच बसस्टँडसमोर फ्लेक्स लावलाय. काळ्या चष्म्यातला माझा फोटो, खाली "आंतरराष्ट्रीय ॲपमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन" (त्यात बिदरचा बाजार दिसतो, एवढंच परदेशी), आणि शुभेच्छुक म्हणून सगळी भावकी. रविवारी सत्कार हाय. कशाचा सत्कार, मामा? माझी एक ओळही घेतली नाही. मी त्या चौकातून जाणं सोडलंय, लई लाज वाटून राहिली.

तुमचा,
अमरेश

ता. क. तुम्ही तिचे वडील. जेवताना सहज एक शब्द टाकावा.

दुसरा ता. क. शब्द टाकू नका! पाकीट बंद करायच्या आत आईनं मामींना फोनवर सगळं सांगितलं, अन् मंजुश्रीनं मला झापलं, की इथं वशिला चालत नाही, बोलायचं ते उघड बोल. मग मी चिडून उघडच लिहिलं, लग्नपत्रिकेसकट. तिला ते इतकं पटलं, की तेवढंच माझं घेतलं. नियमांच्या मराठी पानावर आता पहिलीच ओळ माझी हाय, माझ्या नावानिशी: "दुसरी भाषा आणू नये. हे लग्नपत्रिकेतल्यासारखं नव्हे, खरंच आणू नये." फ्लेक्स खरा ठरला, मामा! चौकातून उगीचच दोनदा जाऊन आलो.

तेव्हा रविवारी सगळ्यांनी यावं, मंजुश्रीला प्रमुख पाहुणी म्हणून आणावं. अप्पांना "काय करता" एवढं तिनं विचारू नये. आणि कृपया आहेर आणू नये. (हे मात्र लग्नपत्रिकेतल्यासारखं.)