अल रय्यानमधला संकासुर

ती. बापूकाकांना,
दोहाहून तेजूचा वाकून, पण ताठ मानेने नमस्कार.

"सोंग पुरुषांनी घ्यायचं, पोरींनी पडवीत बसून बघायचं," हे तुम्हीच मला ऐकवलं होतं ना? मग आता माझं ऐका. काल मी सोंग घेतलं!

आमच्या अल रय्यानच्या कंपाउंडमध्ये ओडील राहते, अमेरिकेतल्या लुइझियानाची. त्यांच्याकडे उपासाचे दिवस लागायच्या आदल्या दिवशी मुखवटे घालून दारोदार नाचतात, कोंबडी-तांदूळ मागतात आणि सगळ्या गावासाठी गंबो नावाचा दाट रस्सा रांधतात. तिने शिवलेली टोपी बघून मी उडालेच. आपल्या शिमग्यातल्या संकासुराचीच उंच, टोकदार टोपी!

काल तिने आम्हा शेजाऱ्यांना तसंच मुखवटे घालून कंपाउंडभर फिरायला काढलं. पण पहिल्या दारात आम्ही सगळे मीटिंगला आल्यासारखे उभे. शेवटी मीच कमरेला घुंगरं बांधली आणि तुमच्या संकासुराची चाल धरली. तीच गिरकी, तीच हूल. पडवीत बसून मी काय बघत होते, असं वाटलं तुम्हाला? दारातल्या इजिप्शियन आजीने आधी किंचाळून घेतलं, मग हसत हसत अख्खी कोंबडी दिली. आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी ईरा ओरडली, "आई, मलापण टोपी!"

हे पत्र मात्र पाठवणार नाही, नाहीतर पुढची गंमत आधीच कळेल. गुडघ्यांमुळे तुम्ही सोंग सोडलंत, पण यंदा शिमग्याला तुमच्या अंगणात दोन संकासुर नाचतील, एक उंच आणि एक बुटका. तेव्हा आमच्या हातावर नारळ ठेवा, आणि मुखवट्याआड कोण आहे ते ओळखून दाखवा.

आता पडवीत न मावणारी,
तेजू